समोरच्या खुर्चीला येणारा वास

मंडळी, कीर्तन रंगण्याआधी ऐका! एक साधा प्रश्न. आपल्याच घरातलं माणूस आपल्याला किती ठाऊक असतं? माना हलवू नका लगेच! आधी सदानंद कारखानिसांची गोष्ट ऐका.

हे साखर कारखान्यातले केमिस्ट. निवृत्त होऊन सांगलीत राहिले. रोज संध्याकाळी एक पाईप! — अहो, खिसे काय चाचपता? तंबाखूची जाहिरात करायला नाही उभा मी! — तर तंबाखू साधीसुधी नव्हे. पुण्याच्या एका पारशी दुकानातली, चेरी-व्हॅनिला मुरवलेली. समोरच्या खुर्चीत पत्नी कमलिनीबाई, विणकाम घेऊन. धूर निघाला की म्हणायच्या, "आज चेरी! पण मागून तुपात तळलेल्या बेदाण्यासारखं काहीतरी येतंय हं." आणि हे ऐटीत, "येणारच! निवड कुणाची?"

चाळीस वर्षं असंच! मग कमलिनीबाई गेल्या.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. यांनी पाईप पेटवला — वासच नाही! दुसरा डबा फोडला. जिभेवर नुसता चटका! घर आधीच खायला उठलेलं. त्यात एवढा एक सोबती उरला होता, तोही गेला? संतापले. एसटी धरली, पुणं गाठलं, डबा काउंटरवर आदळला. "भेसळ करता?"

म्हातारे फिरोजशेठ म्हणाले, "बसा, साहेब." त्याच डब्यातली तंबाखू त्यांनी स्वतःच्या पाईपात भरली, पेटवली. आणि समोर बसलेल्या कारखानिसांच्या नाकात चेरी शिरली! मागून बेदाणा!

"एवढी वरसं ओढता नि ठाऊक नाय? ओढणाऱ्याला चव, साहेब. वास समोरच्याला. तुमाला कोण सांगत होता?"

 कमलिनीबाई सांगायच्या, आणि यांना वाटायचं वास आपल्यालाच येतोय.

तिथेच रडले हो. म्हणाले, "शेठ, तिला आवडत होता का हा वास? मी कधी विचारलंच नाही."

 परतीच्या एसटीत तोच प्रश्न शेजारी बसून आला. आता कारखानीस पाईप हातात धरतात, पेटवत नाहीत. कुणासाठी पेटवायचा?

तर मंडळी, देवाचं नाव घेऊच आपण, टाळ्या वाजवून घेऊ. पण घरी जेवायला बसाल तेव्हा समोरच्याला एवढं विचारा — तुला काय आवडतं? उत्तर द्यायला माणूस आहे, तोवर विचारा!