दोरी सैल ठेवायची

नाही म्हटलं ना — ही विकायची नाही. दुसरं कुठलंही कुत्रं मागा. मागच्या पिंजऱ्यांत आहेत की — गोदाम राखतील, बाग राखतील, अनोळखी माणूस दिसला तर गल्ली डोक्यावर घेतील. पण तुम्हाला राखण नकोच आहे. तुम्हाला हवीय ती ही ठकी, कारण बाजारात कोणीतरी सांगितलं की त्या कुत्री शिकवणाऱ्या बाईच्या ठकीनं बाईच्या सख्ख्या दिराचा हात फोडला. खरं की नाही? बघा, मान खाली गेली. आणि हिला ज्याच्या अंगावर सोडायचंय तो कोण — भागीदार? भाऊ? भाऊच. मला वाटलंच. भागीदारासाठी लोक वकिलाकडे जातात, भावासाठी कुत्रं शोधत फिरतात. बसा त्या बाकावर. पाय आत घ्या. ठकीकडे टक लावून बघू नका, तिला आवडत नाही, आणि मलाही.

तुमचं गाऱ्हाणं मात्र सांगू नका, ते मला पाठ आहे. वडिलांचं घर घशात घातलं, चारचौघांत नाव घालवलं, वर तोंडावर गोड बोलतो — झालं? सगळ्यांचं तेच असतं. माझ्या दिरानं काय केलं ते ऐका, म्हणजे तुमचं तुम्हालाच किरकोळ वाटेल. आमचे हे गेले, आणि महिना व्हायच्या आत ह्यानं अंगणाच्या मधोमध भिंत उभी केली — हीच, तुम्ही पाठ टेकलीय ती. नळ पलीकडे, मोठी शेड पलीकडे, आणि मी अलीकडे, बादली घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांची दारं वाजवतेय. मग बाजारभर सांगितलं की वहिनीच्या कुत्र्यांना रोग आहे. गिऱ्हाइकं तुटली. मग एका सकाळी माझी दोन कुत्री — जोडी होती हो, ह्यांनी मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजलेली — तोंडाला फेस येऊन इथंच पडलेली. भिंतीवरून मटण आलं होतं. कोणी टाकलं? मी पाहिलं नाही. देवानं पाहिलं.

आता तुम्ही म्हणाल, मग बाई, तुम्ही काय केलंत? काहीच नाही. माझा भाऊ आला होता, चार माणसं आणि लोखंडी गज घेऊन. ताई, तू नुसती हो म्हण, म्हणाला. मी म्हटलं, गज गाडीत ठेव आणि जेवून जा. हात धुवायला सुद्धा पाणी बेतानं घे, नळ त्याच्याकडे आहे. मग सगळे नातेवाईक जमले तेव्हा दिराच्या तोंडावर सांगितलं — भाऊजी, मी तुम्हाला देवावर सोडलंय. मी बोट लावणार नाही, माझं कुत्रं दात लावणार नाही. जाऊबाई रडायला लागल्या, वन्संनी मला जवळ घेतलं. ते जे त्याचं तोंड झालं होतं ना — जाऊ दे. तेव्हापासून मी दाराला कुलूप लावत नाही. कोणालाही विचारा. बाई एकटी, भिंतीपलीकडे असला माणूस, आणि दार नुसतं लोटलेलं. मला राखायला वरचा आहे, कुत्री आहेत ती गिऱ्हाइकांसाठी. लोक म्हणतात बाई देवमाणूस आहे. म्हणू देत, मी कुठं सांगत फिरते? तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. नाही विचारलंत? बरं, नाही तर नाही.

आणि देवानं काय केलं, ते विचारा की. त्याचं दुकान वाढलं. मुलगी चांगल्या घरी पडली. ह्या वयात त्याचे गुडघे सुद्धा दुखत नाहीत, जिने कसे चढतो बघा कधी. मी आपली रोज सकाळी ठकीला घेऊन फाटकाशी उभी राहायची — तिचे पाय मोकळे करायला, दुसरं काही नाही — आणि तो समोरून दुकानाकडे जायचा. मी बघायची. लंगडतोय का, खोकतोय का, रंग उतरलाय का. वाईट चिंतत नव्हते हं. देवाचं काम कुठवर आलंय एवढंच बघत होते. ते बघायला काय हरकत आहे, मीच तर त्याच्याकडे दिलं होतं ना?

मग गेल्या महिन्यात तो फाटक उघडून आत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हात पुढे केला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं — काय बोलणार होता ते त्यानं सांगितलेलं नाही आणि मी विचारणार नाही — आणि ठकीनं हात धरला. मी हुकूम दिला नव्हता. हे नीट ऐका, कारण बाजारात उलटंच सांगतात. मी 'सोड' म्हटलं, अगदी स्वच्छ. ह्या अंगणातलं कुठलंही कुत्रं माझ्या 'सोड'वर तोंडातलं हाडूक टाकून देतं. हिनं सोडलं नाही. हात तोंडात तसाच, आणि वर माझ्याकडे बघतेय — तुला नक्की काय हवंय, असं. मला खाली बसून माझ्या बोटांनी तिचा जबडा उघडावा लागला. आणि तो, कोपरापर्यंत रक्त आलेलं, ओरडला सुद्धा नाही. म्हणाला, वहिनी, तुम्ही तर मला देवावर सोडलं होतंत.

हसू नका. त्यात हसण्यासारखं काय आहे? तुम्हाला वाटतं कुत्रं कानानं शिकतं. बस म्हटलं की बसतं, धर म्हटलं की धरतं. कुत्रं दोरीतून शिकतं. माझ्याकडे शिकायला येतात त्यांना पहिली गोष्ट हीच सांगते — दोरी सैल ठेवायची. समोरून कोणी आलं आणि तुमची मूठ आवळली, की कुत्र्याला कळतं हा माणूस नकोसा आहे. तोंडानं तुम्ही काही म्हणा. नवशिके सगळे हीच चूक करतात. जनावरांचे डॉक्टर ठकीला तपासायला आले, तर मलाच म्हणतात, बाई, तुमचा हात रोज सकाळी आवळत असणार. मला, जिनं त्यांच्या स्वतःच्या कुत्र्याला बसायला शिकवलं. मी म्हटलं, संधिवात आहे.

त्यानं तक्रार केली नाही. केली असती तर ठकीला त्याच दिवशी कायमची झोपवायची सुई टोचली असती. माझीच चूक, मीच हात पुढे केला, असं सांगतो म्हणे सगळ्यांना. ऐकून अंगाची लाही होते माझ्या. भिंत बांधताना कुठं सुचला नव्हता हा मोठेपणा. पण डॉक्टर बधले नाहीत. म्हणाले, तोच माणूस समोर उभा असताना ही शांत राहिली पाहिजे, नाहीतर मी हिला ठेवू देणार नाही. आणि कुत्र्याचं शिकलेलं उतरवायचं तर तोच माणूस रोज समोर यावा लागतो, त्याला दुसरा उपाय नाही. मला जाऊन त्याला सांगावं लागलं. माझ्या तोंडानं, त्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. तो लगेच हो म्हणाला. ते तर आणखीच वाईट. आता येतो रोज, हाताला पट्टी बांधून, फाटकाच्या आत उभा राहतो. मी दोरी धरून मनात म्हणते, देवा, हा तुझा. हा तुझाच आहे, मला नको. आणि ही गुरगुरते. रोज. उद्या डॉक्टर येणार आहेत. मी हिला हाताच्या ओंजळीएवढी असताना आणलीय, साहेब. घरात बोलायला दुसरं कोणी नाही मला.

आणि अशात तुम्ही आलात. इस्त्रीचे कपडे घालून, डोक्याला तेल लावून, भावाच्या अंगावर घालायला जनावर द्या म्हणता. स्वतः घरात बसणार, कुत्रं जाणार, कुत्रं मरणार, आणि तुम्ही हळहळणार — अरेरे, कसं झालं. निदान गज घेऊन आलेला माझा भाऊ स्वतःच्या हातानं मारणार तरी होता. तुमची मला शिसारी येते, स्पष्ट सांगते. तुमच्यासारख्यांच्या हाती मी आंधळं पिल्लू सुद्धा देणार नाही, मग तुम्ही इथं बसून हाडं झिजवलीत तरी —

या, भाऊजी. तिथंच, रोजच्या जागी. हे गिऱ्हाईक आहेत, निघालेत. काय? जवळ? नको, अजून एक पाऊल सुद्धा — थांबा. भाऊजी, हलू नका. तिनं तुम्हाला पाहिलं ना? पाहिलं. पाहून मान वळवली. आणि शेपूट — अहो, शेपूट हलवतेय ती तुम्हाला बघून. देवा.

मग गुरगुरतेय ती कोणावर?

साहेब, उठू नका. पाय आत. माझ्याकडे बघू नका, तिच्याकडे तर मुळीच नाही. मी तिला काही सांगितलेलं नाही, तुम्ही ऐकलंत ना, मी एक शब्द — ठकी, बस. ठकी. बस म्हणते ना. ऐकत नाही. भाऊजी, इकडे या. या हो, ती तुम्हाला काही करणार नाही. माझी बोटं उघडा आधी, माझ्यानं उघडत नाहीत. दोरी तुम्ही घ्या. त्या हातानं नको, बऱ्या हातानं. सैल. हं, असंच, सैल.

तुम्ही काय बघताय? निघा. फाटक ओढून घ्या जाताना.