नागिणीचं शेपूट

सुचित्रा: साप नाही गं, नागीण. मी त्या बाईला तीनदा सांगितलं, स्नेक ऑन फोरहेड, माय हजबंड. तर ती मलाच विचारते, मॅडम, साप किती लांब आहे आणि आत्ता कुठे बसलाय?

मैत्रेयी: आई, थांब. तू अँब्युलन्सच्या नंबरला फोन केलास?

सुचित्रा: तूच फ्रिजवर चिकटवलायस ना तो, नऊ-नऊ-पाच. मी म्हटलं, स्नेक गॉन, वन मंथ. तर म्हणे, मग आता प्रॉब्लेम काय आहे? आता ते इंग्लिशमध्ये कुठून सांगू? ठेवला फोन. आणि माझा आवाज ऐकून शेजारच्या लिम आंटी झाडू घेऊन दारात. त्यांना कसं सांगायचं म्हणून ह्यांचं कपाळ दाखवलं, तर बाई हसायलाच लागली. त्यांच्या चिनी लोकांतही म्हणे ह्याला सापच म्हणतात. डोकं नि शेपूट मिळालं की खेळ खलास, अगदी आपल्यासारखंच.

मैत्रेयी: पण बाबांची नागीण तर बरी झालीय. तू फोन कशासाठी केलास?

सुचित्रा: काही नाही. तुझ्या बाबांची सोंगं. तू ऑफिसात आहेस ना, काम कर.

मैत्रेयी: कसली सोंगं?

सुचित्रा: सकाळपासून मला छळतायत. चहा हवा तर म्हणे, विळी दे. मी म्हटलं, इथे परदेशात, आंग मो किओच्या बाराव्या मजल्यावर विळी कुठून आणू? तर पुन्हा तेच. वर्तमानपत्राला म्हणाले चमचा. लिफ्टलाही चमचाच. मी काल फूडकोर्टात मुलीला स्पूनऐवजी स्पंज मागितला ना, त्याचा सूड चाललाय.

मैत्रेयी: किती वाजल्यापासून?

सुचित्रा: साडेदहा असतील. मी चिडून तासभर बोललेच नाही. कोण बोलणार? येताना ह्यांनी एअरपोर्टवर मेतकूट दाखवून काय सांगितलं आठवतंय ना? यलो पावडर, व्हेरी पॉवरफुल. दीड तास बॅगा उघडून बसलो होतो.

मैत्रेयी: आई, मग आत्ता फोन का केलास?

सुचित्रा: कप पडला. तुझा तो निळा. उजव्या हातात होता आणि पडला. आणि हे खाली बघतच राहिले, गं. जसा काही दुसऱ्याच कोणाच्या हातातून पडलाय.

मैत्रेयी: फोन ठेवू नकोस. बाबांना म्हणावं, हसून दाखवा.

सुचित्रा: अहो, मैत्रेयी म्हणतेय हसा. नाही, दात नका दाखवू, नुसतं हसा.

पद्माकर: चमचा... चमचा वर गेला.

मैत्रेयी: हसले?

सुचित्रा: अर्धे.

मैत्रेयी: म्हणजे?

सुचित्रा: डावीकडे हसू आलं, उजवीकडे नाही आलं. पण तुला माहितीय ना, ते लग्नाकार्यातही असं तोंड वाकडं करून पोरांना घाबरवतात.

मैत्रेयी: दोन्ही हात समोर धरायला सांग. डोळे मिटून.

सुचित्रा: अहो, हात. दोन्ही. असे. हां, डोळे मिटा. ...उजवा खाली येतोय. हळूहळू येतोय. अहो, पुरे झाली थट्टा. मी हरले, बास? वर करा तो हात.

पद्माकर: विळी गं. विळी.

मैत्रेयी: आई, ते थट्टा करत नाहीयेत.

सुचित्रा: तुला काय माहीत? बेचाळीस वर्षं झाली मला ह्यांच्याबरोबर. टेलिफोन खात्यात असताना मलाच घरी आवाज बदलून फोन करायचे, मीटर तपासायला येतोय म्हणून. दोनदा मी त्या माणसासाठी पोहे करून ठेवले.

मैत्रेयी: आई.

सुचित्रा: ऐक ना. थट्टा केली की हे आधी माझ्या तोंडाकडे बघतात. हसतेय की चिडतेय, ते बघायला. तेवढ्यासाठीच करतात सगळं. अगं, आज एकदाही बघितलं नाही त्यांनी. विळी म्हणाले आणि किटलीकडेच बघत राहिले. तेव्हाच कळायला हवं होतं मला. मी रुसून बसले.

मैत्रेयी: मी ऑफिसच्या फोनवरून अँब्युलन्स बोलावते. तू हा चालू ठेव. खायला-प्यायला काही देऊ नकोस. ...हॅलो? येस, आंग मो किओ. माय फादर, सिक्स्टी-नाइन. नो, नो स्नेक. दॅट वॉज माय मदर. शिंगल्स, लास्ट मंथ, लेफ्ट साइड ऑफ द फोरहेड. नाऊ राइट हँड वीक, काँट स्पीक प्रॉपर्ली. आय थिंक स्ट्रोक.

सुचित्रा: काय म्हणालीस तू त्यांना? कसला स्ट्रोक?

मैत्रेयी: निघालेत ते. मी टॅक्सीने येतेय. आई, विचारतील तुला, शेवटचे नीट कधी बोलले होते.

सुचित्रा: सव्वादहा. मला म्हणाले, तुझ्या उपम्यात मीठ आहे की नुसती मिठाची आठवण? मी म्हटलं, उठा आणि घ्या. हे सांगू का त्यांना?

मैत्रेयी: वेळ सांग फक्त.

सुचित्रा: ...आले वाटतं. अहो, उठा. दार वाजतंय. शर्ट घालते तुम्हाला. तो हात राहू दे, मी घालते.

पद्माकर: चमचा आला.

सुचित्रा: हो. चमचाच आलाय. चला.

(चार दिवसांनी. हॉस्पिटलचा वॉर्ड, दुपारची भेटायची वेळ. पद्माकर पडून आहेत.)

सुचित्रा: हळू बोल, जागे आहेत ते. काय म्हणाला डॉक्टर?

मैत्रेयी: पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात नागिणीच्या व्हायरसच्या खुणा सापडल्या. लहानपणी कांजिण्या होतात ना, तोच हा. तो शरीरातून जातच नाही, नसेत झोपून राहतो. म्हातारपणी जागा झाला की नागीण.

सुचित्रा: पण खपल्यासुद्धा पडून गेल्या होत्या.

मैत्रेयी: वरच्या. आत तो कपाळाच्या नसेतून मेंदूच्या रक्तवाहिनीपर्यंत गेला. तिची भिंत सुजली, वाट चिंचोळी झाली, पुढे रक्तच पोचेना. नागीण डावीकडे होती, आणि उजवा हात नि बोलणं डावा मेंदूच सांभाळतो. नागीण गेल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतं म्हणाले. सगळ्यांना होत नाही, पण कपाळावर, डोळ्याजवळ असली की धोका जास्त.

सुचित्रा: म्हणजे मी बाहेरून कावेचा, त्या लाल मातीचा लेप लावून कुंपण घालत बसले, आणि ती आतल्या वाटेनं गेली. हे म्हणाले होते तेव्हा, कपाळावरच्या नागिणीला शेपूट कुठून मिळणार, मागे टक्कल आहे, घसरून पडेल.

मैत्रेयी: आता सलाईनमधून औषध चालू आहे. सूजही उतरवतायत.

सुचित्रा: मैत्रेयी, एक सांगू? क्लिनिकच्या गोळ्या सात दिवसांच्या होत्या. ह्यांनी तीनच दिवस घेतल्या. पित्त होतंय म्हणाले. मीच म्हटलं, राहू देत, लेप आहे ना.

मैत्रेयी: मी विचारलं डॉक्टरांना.

सुचित्रा: तुला कसं माहीत?

मैत्रेयी: उरलेल्या गोळ्या तुझ्या मेतकुटाच्या डब्यामागे सापडल्या. ते म्हणाले, पूर्ण घ्यायलाच हव्या होत्या. पण घेतल्या असत्या तर झालंच नसतं, असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

सुचित्रा: तू मला ओरडली नाहीस.

मैत्रेयी: ओरडणार आहे. घरी गेल्यावर.

पद्माकर: सु... सुचित्रा.

सुचित्रा: काय हो? पाणी हवंय? पाठ दुखतेय?

पद्माकर: विळी... दे.

मैत्रेयी: आई, घाबरू नकोस. सकाळी बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी चित्रं दाखवली तेव्हा दहातली सहा बरोबर सांगितली त्यांनी. कपही सांगितला. शब्द मागे-पुढे होणार थोडे दिवस. आई, रडू नकोस ना त्यांच्यासमोर.

सुचित्रा: रडत नाहीये. तू जरा बाजूला सरक, मला दिसत नाहीये.

मैत्रेयी: काय दिसत नाहीये?

सुचित्रा: बघ. माझ्या तोंडाकडे बघतायत.

मैत्रेयी: अगं, मग हस ना.

सुचित्रा: इतक्यात नाही. बघू देत अजून थोडं.