कोणत्या कारखान्याला?

पाली गावाजवळ पाण्याच्या टँकरच्या रांगेत गौतमी दोन महिन्यांचं बाळ आणि रिकामा कॅन घेऊन उभी होती. मागं लिंबाआड तिची कॅम्पर गाडी. पलंग, शेगडी, नळ, सगळं आतच.

"एवढं कवळं लेकरू घिऊन कुठं निघालीस, माय?" पुढच्या वत्सलाबाईंनी विचारलं.

"आम्ही महिनाभर गाडीतच राहतोय."

"भांडीकुंडी बी गाडीतच?"

"सगळंच."

"मग कोणत्या कारखान्याला?"

'हौस म्हणून फिरतोय' हे गौतमीच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

"सांगलीकडच्या."

"माझं थोरलं बी असंच नेलतं. उसाच्या फडातच बारसं झालं त्याचं. ए बायांनो, हिला म्होरं जाऊ द्या! ओली बाळंतीण ऊसतोडीला निघालीय."

रांग बाजूला झाली. गौतमीचा कॅन काठोकाठ भरला. वत्सलाबाईंची घागर निम्मी झाली न झाली, तोच टँकर आटला.

"गौतमी," गाडीतून नवऱ्यानं हाक मारली, "शॉवरपुरतं मिळालं का गं?"

"काय म्हणतेत मालक?"

"बाळाच्या... बाळाच्या आंघोळीचं विचारतात."

"मग हे बी ने," वत्सलाबाईंनी घागर तिच्या पायाशी ठेवली. "आजच न्हाऊ घाल त्याला. फडावर गेल्यावर कुठं सवड मिळनार हाय तुला?"