मुंगीच्या शाळेत मी गप्प बसलो

…आणि घंटा झाली की पळायचं कोणी? मुलांनी नाही, आम्ही! शाळा मुलांची, सुरू होणार सोमवारी, आणि शनिवारी दुपारी हातात वेळापत्रक धरून जिने चढतंय कोण, तर आम्ही पालक! का? तर म्हणे, हायस्कुलात मुलांचा दिवस कसा जातो ते घरच्यांना कळायला हवं. अहो, जातो कसा म्हणजे? सगळ्यांचा जातो तसाच. पण नाही. दहा-दहा मिनिटांचे तास. पहिला तास तळमजल्यावर, दुसरा तिसऱ्या मजल्यावर, तिसरा पुन्हा खाली, चौथा पुन्हा वर. ज्यानं हे वेळापत्रक केलं त्याला गुडघे नसावेत.

तुम्हाला सांगतो, मी जाणारच नव्हतो. मी सुतार माणूस. चौथीपर्यंत शिकलो, मग हातात रंधा आला तो आजपर्यंत सुटलेला नाही. शाळेचा आणि माझा संबंध तुटला तेव्हा दोघांनाही वाईट वाटलं नव्हतं. पण मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. सूनबाई इस्पितळात नर्स, शनिवारी नेमकी तिची पाळी. मग उरलं कोण? मी. आणि नात कोणाची? माझी. तिला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणी साखरेचा डबा कुठंही लपवा, ही बरोबर तिथं पोचायची. आता नववीत गेली, माझ्या खांद्याला लागते, तरी मुंगीच.

मुंगी बोलताना अडखळते. एवढंच. बाकी डोकं असं की मी माप सांगून पुरं व्हायच्या आत हिचा हिशेब तयार. पण उत्तर ओठांपर्यंत येतं आणि तिथंच अडतं. ओल धरलेलं दार कसं अडतं? तसं. तुम्ही जोर लावलात की जास्तच अडतं. जरा थांबलात की आपसूक उघडतं. जुन्या शाळेतली पोरं जोर लावायची. ही अर्धा शब्द बोलली की उरलेला अर्धा ती ओरडून पुरा करायची, आणि वर खिदळायची. शेवटी शेवटी तर ही हजेरीसुद्धा हात वर करून द्यायला लागली. तोंड म्हणून उघडायची नाही.

तर शुक्रवारी सूनबाई मला म्हणते, "बाबा, उद्या तिच्या बाईंना जरा बाजूला घ्या, आणि सगळं नीट कानावर घाला. पहिल्याच दिवशी उभं करून वाचायला लावलं, आणि पोरं हसली, तर ही पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही. घालाल ना? नुसतं हं म्हणू नका, शब्द द्या."

दिला. त्यात काय? म्हटलं, "बाईंना कळेल. माझा शब्द."

दहा मिनिटं झाली नाहीत, मुंगी माझ्या कामाच्या खोलीत. भुशात पाय रोवून उभी. "आ… आजोबा, उद्या माझ्याबद्दल तिथं काही सांगायचं नाही. तिथं मला अजून कोणी ओ… ओळखत नाही. एकदा सांगितलं की मी म्हणजे ते… तेवढंच. तुम्ही फक्त गप्प बसायचं. श… शब्द द्या."

आता बघा, एवढं बोलायला तिला जो वेळ लागतो तेवढ्यात माझी एक फळी रंधून होते. पण मी रंधा खाली ठेवतो. मुंगी बोलत असताना हातातलं काम खाली ठेवायचं, हा आमच्या घरचा कायदा. आणि एवढ्या कष्टानं कोणी एक वाक्य शेवटाला नेलं, तर त्याला नाही कसं म्हणणार? तुम्ही म्हटलं असतंत? दिला शब्द!

झालं! एकीला म्हटलं सांगतो, दुसरीला म्हटलं सांगत नाही. साठ वर्षं धंदा केला, एक फळी दोन गिऱ्हाइकांना कधी कबूल केली नाही हो! आणि शब्द म्हणजे शब्द. तो काय खिळा आहे, वाकडा गेला तर उपटून काढायला?

तर सभा. आधी मुख्याध्यापकांचं भाषण. "पालकहो, शाळा आणि घर ही एकाच गाडीची दोन चाकं आहेत!" मी मनात म्हटलं, मग त्या गाडीत बसवून मला वर न्या. "मुलांना आठवडाभर आधीपासून लवकर उठवायची सवय लावा! दप्तर आदल्या दिवशी भरायला शिकवा!" अहो, आमची मुंगी पंधरा दिवस दप्तर भरतेय. रोज भरते, रोज रिकामं करते, पुन्हा भरते. त्याच्यावर काय उपाय? तेवढं काही सांगितलं नाही. विचारणार होतो. पण गप्प बसायचं ठरलेलं. शब्द म्हणजे शब्द.

मग घंटा. मग तिसरा मजला. मग मुंगीचा वर्ग. तिथं प्रत्येक बाकावर मुलाचं नाव चिकटवलेलं, आणि ज्यानं त्यानं आपल्या मुलाच्या जागेवर बसायचं. मला नाव शोधायला वेळ लागला, पण सापडलं. कोणाला विचारलं नाही. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ.

बसलो… आणि बाक डुगडुगला! मागचा डावा पाय आखूड, चांगला दोन पुठ्ठ्यांएवढा. आता तुम्हीच सांगा, माझी नात या बाकावर वर्षभर बसणार? एक तर बोलताना डगमगते, त्यात बसायलाही डगमगतं? मी काय केलं, शाळेत आल्या आल्या हातात दिलेला एक गुलाबी कागद होता, त्याची घडी घातली, घडीची घडी, त्याची आणखी एक, नखानं दाबून पक्की केली आणि पाचर मारली पायाखाली. बसून बघितलं. ठाम! मला त्या शाळेत पहिल्यांदाच बरं वाटलं.

तेवढ्यात बाई आल्या. वयानं लहान, आवाज मऊ, पण नजर ओळंब्यासारखी सरळ. म्हणाल्या, "सगळ्यांकडे गुलाबी कागद आहे ना? आपल्या मुलाविषयी शिक्षकांना काय माहीत असायला हवं, ते त्यावर लिहून द्या."

मी खाली बघितलं. पायाखालून गुलाबी कड डोकावत होती.

दुसरा कागद मागावा? म्हणजे पहिल्याचं काय झालं ते सांगा. बाक उचलून काढावा? माझ्या हातानं मारलेली पाचर मी काढायची? शेजारी एक टायवाले गृहस्थ बसले होते, ते कागदाची एक बाजू संपवून दुसरीवर गेले. एवढं काय असेल हो त्यांच्या मुलात? मी हाताची घडी घातली. विचार केला, चला, सुटलो. मी लिहिलं नाही म्हणजे मुंगीचा शब्द राहिला. आणि सूनबाईचा?

सूनबाईचा कुठं राहिला होता! तोच बाई म्हणतात, "आता नियमांची पुस्तिका वाचू या. एकेकानं उभं राहून एकेक नियम मोठ्यानं वाचायचा. सोमवारी मुलांकडूनही मी असाच उतारा वाचून घेणार आहे."

सोमवारी! उभं राहून! आणि मग लक्षात आलं, अरे, सोमवारचं सोमवारी, आज उभं राहायचंय मला! मी वाचतो, वाचत नाही असं नाही, पण एकेक अक्षर हातानं चाचपून. मी रांगा मोजल्या. माझा येत होता सतरावा नियम. 'वर्गात धावू नये.' सोपा! तो मी मनात बारा वेळा घोकला. मुंगीही पाळी मोजत बसते, असं सूनबाई सांगायची. आज कळलं कसं मोजत असेल ते. तळहाताला घाम फुटतो हो!

आणि माझ्या पुढच्या बाकावरच्या बाईंनी उत्साहाच्या भरात दोन नियम वाचले. सोळावा वाचला आणि माझा सतरावाही वाचून बसल्या!

उठलो. अठरावा.

"प्र… प्रयो… प्रयोग…"

"प्रयोगशाळेतील," टायवाले म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. पुन्हा पुस्तिकेकडे. "सा… साहि…"

"साहित्य."

मागं कोणीतरी फिसकन हसलं.

"शि… शिक्ष…"

"शिक्षकांच्या अनुमतीशिवाय हाताळू नये! झालं. बसा आजोबा, बसा."

बसा? बहात्तर वर्षांचा माणूस मी, माझ्या कानशिलांपर्यंत आग चढली, आणि तुम्हाला सांगतो, मला टायवाले दिसेनात. मला दिसली ती पोरं, आणि त्यांच्या मधोमध मुंगी, अर्धा शब्द तोंडात धरून.

गप्प बसायचं होतं, कबूल. पण ते मुंगीबद्दल. हे वाक्य माझं होतं!

म्हटलं, "साहेब, फळीला करवत मी लावली, आता ती मीच कापणार. तुम्ही दुसरी बघा." मग बाईंकडे वळलो. "बाई, आमच्या घरचा एक कायदा आहे. ज्यानं वाक्य सुरू केलं त्यानंच ते संपवायचं. कितीही वेळ लागो. मधे कोणी शब्द पुरवायचा नाही, हसायचं नाही, आणि बाकीच्यांनी हातातलं काम खाली ठेवायचं. मी पहिल्यापासून वाचतो."

आणि वाचलं. अख्खं. 'प्रयोगशाळे'पासून 'नये'पर्यंत. घंटा झाली तेव्हा मी 'अनुमतीशि' वर होतो. कोणी उठलं नाही. टायवाल्यांनी, खरं सांगायला हवं, पेन खाली ठेवलं होतं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाकावरच्या नावाकडे. मग म्हणाल्या, "आजोबा, या कायद्याची तुमच्या घरात गरज कोणाला पडते?"

मी गप्प. शब्द म्हणजे शब्द.

त्या म्हणाल्या, "बरं," आणि वहीत काहीतरी बारीक लिहिलं.

घरी आलो. सूनबाई म्हणाली, "घातलंत कानावर?" म्हटलं, "बाईंना कळलं." मुंगी म्हणाली, "सां… सांगितलं नाही ना?" म्हटलं, "तुझं नावसुद्धा काढलं नाही." दोन्ही खरं. तरी सोमवारी साठ वर्षांत पहिल्यांदा फळी बोटभर आखूड कापली. दुपारी चारला दप्तर भुशात आपटलं. मी रंधा खाली ठेवला.

"आजोबा. बाईंनी वा… वाचायला लावलं."

मी थांबलो.

"पण त्याआधी फळ्यावर एक नि… नियम लिहिला. ज्यानं वाक्य सुरू केलं त्यानंच सं… संपवायचं. बाकीच्यांनी पेनं खाली ठेवायची. मी अख्खा उ… उतारा वाचला, आजोबा. एकानं तोंड उघडलं, तर बाईंनी नुसतं फ… फळ्याकडे बोट दाखवलं."

मी रंधा उचलला. उलटा धरलाय हे नंतर कळलं.

"हा नियम बाईंना को… कोणी सांगितला?"

"मला काय माहीत? मी गप्प बसलो होतो."

तिनं दप्तरात हात घातला आणि आठ पदरी घडी घातलेला गुलाबी कागद माझ्यापुढं धरला. "मग ही पा… पाचर कोणाची?"

अशी घडी या घरात दुसरं कोण घालतं? मी भुसा झाडायला लागलो. पण तिचं संपलं नव्हतं. "बाईंनी नि… निरोप दिलाय. त्या म… मजल्यावर असे आणखी बा… बावीस…"

तुम्हाला सांगतो, 'बावीस' म्हटलं तिथंच मला कळलं होतं हे वाक्य कुठं निघालंय ते. बावीस बाक! तिसरा मजला! माझे गुडघे! मी तोंड उघडलंही… पण कायदा माझाच. मधे बोलता येत नाही. नाही म्हणायचीसुद्धा सोय नाही! ती सावकाश, एकेक शब्द उतरवत, वाक्याच्या शेवटाला पोचली, आणि वर काय म्हणते? "मी हो म्हटलंय, आजोबा. श… शब्द दिलाय."

शब्द म्हणजे शब्द.

आता दर शनिवारी जातो. चौथीत शाळा सोडलेला माणूस, बहात्तराव्या वर्षी हायस्कुलात बसला हो… बाकाखाली!