शिकंज्यात ठेवलेला लॅपटॉप

जबाब देणारीचे नाव ठाण्याच्या नोंदवहीत आहे. ओळख बाइंडरबाई, वय ६१ वर्षे, शिक्षण बी.ए., धंदा पुस्तकबांधणी, राहणार कारखान्याच्या वरच्या मजल्यावर.

मी आज शुक्रवारी सकाळी, कोणी बोलावलेले नसताना, समक्ष हजर होऊन सांगते ते असे:

मी तेहतीस वर्षे पुस्तके बांधते. धाकटी बहीण, वय ५४, माझ्याबरोबर राहते. ती लॅपटॉपवर पुस्तकांची पाने लावते, छापून आली की मी ती बांधते.

लॅपटॉप सहा वर्षांचा आहे. बॅटरी पहिल्यापासून तीच. सुरुवातीला चार तास चालत असे. यंदा पाऊण तासावर आली, तेव्हा बहीण चार्जर लावूनच काम करू लागली. सोमवारी दुपारी वायर सुटली आणि लॅपटॉप बंद पडला, पुन्हा वायर लावूनही सुरू होईना. बहीण म्हणाली, "ताई, अडतीस टक्के दाखवत होता गं. उभ्या उभ्या गेला." पाहिले तर खालची बाजू फुगली होती आणि झाकण नीट मिटत नव्हते.

मंगळवारी दहा वाजता आम्ही दोघी तो घेऊन समोरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याला सगळे स्क्रूभाऊ म्हणतात. त्याने लॅपटॉप आडवा धरून डोळ्यांसमोर नेला आणि हळूच खाली ठेवला. म्हणाला, "तीन-चार वर्षांचं आयुष्य हिचं, तुम्ही सहा वर्षं राबवलीत. पोट फुगलंय. इथंच ठेवून जा, मी काढतो. नवी गुरुवारी येईल."

बहिणीच्या पुस्तकाची शेवटची पाने त्यात अडकली होती. मी म्हणाले, "तुझा गुरुवार माहीत आहे आम्हाला. मागच्या खेपेला तीन गुरुवार गेले." तो हसला, पण पुन्हा म्हणाला, "बाई, चेष्टा नाही. चार्ज करू नका, दाबू तर अजिबात नका." मी लॅपटॉप उचलला. त्याने पावतीवर लिहिले, 'बॅटरी फुगलेली. उघडली नाही. सांगूनही परत नेला.' ती पावती माझ्याकडेच होती. आज जमा करत आहे.

पुठ्ठा ओल धरून फुगला की आम्ही पुस्तक शिकंज्यात ठेवतो. वरचे चाक फिरवले की लोखंडी पाट खाली उतरतो आणि पुस्तक आवळले जाते. एका दिवसात पुठ्ठा सरळ होतो. फुगल्यामुळे आतली जोडणी सुटली असेल, सपाट झाला की लॅपटॉप चालू होईल, असा माझा समज होता.

बुधवारी सकाळी ११.२० वाजता मी लॅपटॉप शिकंज्यात ठेवला. बहीण म्हणाली, "ताई, दाबू नका म्हणालाय तो."

मी म्हणाले, "तो स्क्रू पिळतो. फुगलेलं सरळ कसं करायचं, ते त्याने मला शिकवू नये."

"अगं, हे पुस्तक आहे का?"

"मिटतं ना? मग पुस्तकच."

ती हसली. मी चाक अडीच फेरे आवळले. शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला आत कट् असा आवाज झाला. झाकण बसले, असे मला वाटले.

साधारण दहा मिनिटांनी ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज आला. पांढरा धूर निघाला, मग जाळ. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी हलले नाही. किती वेळ, ते सांगता येत नाही. बहीण धावली आणि चाक सोडवू लागली. ते तिला फिरेना. मी आवळलेले चाक तिला कधीच फिरत नाही, एरवी ती मला हाक मारते. त्या वेळी तिने हाक मारली नाही. दुसरा भडका तिच्या दोन्ही हातांवर आला.

शेजारच्या शिंप्याने वाळू टाकून आग विझवली. दवाखान्यात सव्वाबाराला पोहोचलो. उजव्या हाताच्या तीन बोटांविषयी डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

बहिणीने बुधवारी दवाखान्यात दिलेल्या जबाबात लॅपटॉप दुरुस्त करून आणला होता आणि टेबलावर होता, असे लिहिले आहे. त्यावरून स्क्रूभाऊला त्याच संध्याकाळी ठाण्यात आणून बसवले. मला हे काल कळले. मी बहिणीला विचारले. ती म्हणाली, "तू गप्प राहा, ताई. मी सांगितलंय सगळं."

"तो आत बसलाय."

"सुटेल गं."

"कसा सुटेल?"

तिने तोंड भिंतीकडे वळवले. ती खोटे बोलली ती माझ्यासाठी. तिच्यावर त्याबद्दल काही कारवाई होणार असेल, तर तीही माझ्या नावावर घ्यावी. स्क्रूभाऊने बॅटरी बदलली नाही, उघडलीही नाही. त्याने दोनदा बजावले होते.

हा मजकूर अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'अनवधानाने शिकंज्यात ठेवला' असे लिहिले होते. मी 'अनवधानाने' काढायला सांगितले. ते म्हणाले, "राहू द्या बाई, तुमच्याच सोयीचा शब्द आहे." मी म्हणाले, माझे पूर्ण अवधान होते. शब्द खोडला आहे, खोडल्या जागी माझी सही आहे. उरलेले सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.