बटणाचा पट्टा आणि माझा सत्कार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बालरुग्ण मंडळाचे आधारस्तंभ, शहागंजचे आदरणीय तात्यासाहेब. आमच्या विभागाचे प्रमुख डॉ. वैजनाथ पाठकसाहेब, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, माझ्या वॉर्डातल्या सिस्टर, मावशी आणि मामा मंडळी, समोर बसलेले पालक, त्यांची लेकरं, आणि गंगापूरकडून जीप करून, उसाची मोळी घेऊन माझ्यासाठी आलेले पुंजारामभाऊ आणि त्यांची सगळी मंडळी, आपणा सर्वांना या कालिंदी सिस्टरचा मनापासून नमस्कार.

मंडळी, माझ्या पर्समध्ये एक छान भाषण आहे. नातीकडून शुद्धलेखन तपासून घेतलेलं. ते तिथंच राहू द्या. आत्ता तुम्ही घातलेल्या या शालीत मला उकडायला लागलंय, आणि त्याला हॉलमधले पंखे जबाबदार नाहीत. मला शरम वाटतेय. निरोपाच्या भाषणात हा शब्द शोभत नाही, हे मला कळतं. अध्यक्षांनी मोठ्या मनानं ऐकून घ्यावा.

आणि पुंजारामभाऊ, तुम्ही आत्ताच बोलून खाली बसलात. माझं होईपर्यंत उठू नका. ऊस मागाहून वाटू. लेकीला, गोदीला, जवळ घेऊन बसा. मी तुम्हाला रागावणार नाही, शब्द देते.

ज्यांना माझं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते. कर्करोगाच्या लेकरांना आम्ही केमो देतो, म्हणजे बहुतेकदा सलाइनमधून चढणारं औषध. ते रोगाशी भांडतं, पण भांडताना लेकराचेही हाल करतं. अन्नाचा वास नको, पाण्याचा घोट नको, सारखी मळमळ, उलट्या. उलटी थांबवायची औषधं आम्ही देतोच. तरी काही लेकरांची मळमळ राहते. त्यांच्यासाठी मी जोडीला काही गोष्टी करत आले. लिंबाची साल हुंगायला देणं. डॉक्टर हो म्हणाले तर आल्याची वडी. तळपाय चोळणं. आणि हा पट्टा. साधं इलॅस्टिक, आतून एक मोठं बटण शिवलेलं. मनगटाच्या आतल्या बाजूला लेकराची स्वतःची तीन बोटं आडवी ठेवायची आणि त्यांच्या पुढं, कोपराकडच्या बाजूला, दोन शिरांच्या मधोमध, बटण नीट दाबून बसवायचं. काहींची मळमळ त्यानं कमी होते. काहींना काडीचाही फरक पडत नाही. हे दुसरं वाक्यही कृपा करून ऐका, कारण सकाळपासून या हॉलमध्ये फक्त पहिलंच ऐकू येतंय.

पाठकसाहेबांनी मला पहिल्यांदा पट्टे शिवताना पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "सिस्टर, पेशंटला शर्ट शिवून देणार का?" साहेब, हसा, मीही तेव्हा हसले होते. पुढं तेच राउंडला विचारायला लागले, "याला बटण लावलं का?" आणि तात्यासाहेबांनी आपल्या दुकानातलं इलॅस्टिक नि बटणं मला कधी मागावी लागू दिली नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच, तात्यासाहेब, पुढचं बोलताना जीभ जड होतेय.

माझ्या पाठीमागच्या बॅनरवर काय लिहिलंय? "एका बटणानं कर्करोगाला हरवणाऱ्या कालिंदी सिस्टर." सकाळी आल्या आल्या मी ते वाचलं. हे खोटं आहे, हे मला ठाऊक होतं. सगळी नोकरी या वॉर्डात गेली, मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? पण मी काय केलं? तात्यासाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं का? नाही. मी पदर सारखा केला आणि बॅनरपुढं उभी राहून फोटो काढून घेतला. एक हलला म्हणून दुसरा काढायला लावला.

मग पुंजारामभाऊ बोलले. माइकची सवय नाही, म्हणून डोळे मिटून बोलले. त्यांची गोदी, गोदावरी, आमच्याकडं रक्ताच्या कर्करोगासाठी होती. ते काय म्हणाले ते मी पुन्हा सांगते, कारण इथं ते कुणी ऐकलं नाही याची मला खात्री आहे. ते म्हणाले, "सिस्टरनं पट्टा बांधला आन् पोरीची उलटी बंद झाली. लई बेजार होती, आता भाकर खाती. बीमारीच गेली म्हनल्यावर सलाइन कशापायी? दिवाळीपासून आम्ही आलोच नाय दवाखान्यात. आता डायरेक सिस्टरच्या सत्काराला आलो."

यावर काय झालं? टाळ्या. अध्यक्षांनी वाजवल्या. साहेबांनी मोबाइल बाजूला ठेवून वाजवल्या. सत्काराला आपण असंच ऐकतो ना? बोलणाऱ्याचा आवाज चढून खाली आला की आपले हात आपोआप हलतात. आणि मंडळी, मीही वाजवल्या. सगळ्यांत जोरात. "सिस्टरनं, सिस्टरनं" एवढंच माझ्या कानात शिरत होतं, आणि ते लई गोड लागत होतं. मांडीवरचा नारळ घरंगळला, तो उचलायला वाकले, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. दिवाळीपासून आलोच नाय. संक्रांत होऊन गेली आता. एका मुलीचे उपचार अर्ध्यावर सुटले, आणि आम्ही त्याला टाळ्या दिल्या. माझ्यामुळं सुटले, म्हणून मला शाल दिली.

आता तुमच्यातलं कुणी मनात म्हणेल, खेड्यातला माणूस, त्याची समजूत चुकली. खबरदार. पुंजारामभाऊंनी काही चुकीचं ऐकलेलं नाही. मी सांगितलं तेच त्यांनी ऐकलं.

औषध चढायला लागलं की मी लेकरांना डोळे मिटायला लावते आणि दौलताबादचा किल्ला चढायला नेते. मनातल्या मनात. खंदक ओलांडायचा, दरवाजावरच्या अणकुचीदार खिळ्यांना जपून हात लावायचा, अंधारी म्हणतात त्या काळोख्या बोगद्यात भिंत चाचपत हळू श्वास घ्यायचा, मग एकेक पायरी. लक्ष तिकडं गेलं की पोटातलं ढवळणं जरा विसरायला होतं. त्याचं काम एवढंच. पण मला गोष्टीचा शेवट रंगदार करायची हौस. म्हणून गोदीला म्हणाले, "वर तोफ आहे ना? उडव! गेली बघ तुझी बीमारी पळून!" तिनं गाल फुगवून "धडाम" केलं. शेजारच्या खाटांवरची लेकरं हसली. आणि तिच्या पायाशी बसलेल्या पुंजारामभाऊंनी हात जोडले. मला वाटलं, बाप मुलीचं कौतुक करतोय. तो देवाचे आभार मानत होता. सिस्टरनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, पोरगी जेवायला लागली, आणखी काय पाहिजे होतं त्याला? लेकराला गोष्ट सांगितली. बापाला बाजूला घेऊन दोन साधी वाक्यं सांगायची मात्र राहून गेली.

गोदी येईना तेव्हा वॉर्डातून फोन केले. लागले नाहीत. "फोन बंद" म्हणून आम्ही गप्प बसलो. गंगापूर काय परदेशात आहे? सकाळी एसटीत बसले असते तर जेवायला घरी परत आले असते. मी त्या दिवसांत कुठं होते, सांगू? शहागंजला. आजच्या समारंभाची ही साडी बघत होते.

तेव्हा ती राहिलेली वाक्यं आता सांगते. पुंजारामभाऊ, उलटी ही गोदीची बीमारी नव्हती. उलटी औषधानं होत होती, पट्टा त्या उलटीसाठी होता. बीमारी रक्तात आहे. औषधानं ती दबली, म्हणून गोदी चांगली दिसते, खेळते, भाकरी खाते. पण औषध पुरं झाल्याशिवाय ती गेली, असं मीच काय, पाठकसाहेबसुद्धा म्हणू शकत नाहीत. मधेच सोडलं तर ती उलटून येते. पट्टा, आलं, लिंबू आणि माझा किल्ला म्हणजे ताटातलं लोणचं. त्यानं तोंडाला चव येते, भाकरी घशाखाली उतरते. भाकरी म्हणजे ती केमो. मी तुम्हाला लोणच्याची तारीफ ऐकवत बसले आणि तुम्ही भाकरी बंद केलीत. यात तुमचा काय गुन्हा?

पुंजारामभाऊंनी खाली मान घातलीय. नका घालू. गावची मंडळी शेजारी बसलीत, मला दिसतंय. ही मान खाली घालायची पाळी माझी आहे. आशाबाई, तुम्ही गोदीची आई, तुम्हीही पदर बाजूला करा आणि माझ्याकडं बघा. आपल्या लेकरासाठी तुम्ही जे केलं, ते विश्वासानं केलं.

पाठकसाहेब, गोदीचं रक्त आज तपासता येईल ना? नुसती मान नका हलवू, मागपर्यंत ऐकू जाऊ द्या... साहेब म्हणतायत, आत्ता लगेच, आणि पुढचे उपचार कसे सुरू करायचे ते स्वतः बघतो. त्यांचे आभार. आणि तात्यासाहेब कुठं निघाले? अहो, अध्यक्षांनी स्टुलावर चढून बॅनर उतरवायचा नसतो! पडाल. मामा, जरा धरा त्यांना. तात्यासाहेब, तुमच्या मनातली माया मला ठाऊक आहे. बटणं द्यायची बंद करू नका. त्याच्यासोबत पालकांना नीट समजावून सांगणारं एक माणूस वॉर्डात बसवा, म्हणजे माझ्या सत्कारापेक्षा मोठी गोष्ट होईल.

वेळ गेलीय की हातात आहे, हे रक्त बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, पुंजारामभाऊ. खोटा धीर मी एकदा दिलाय. पुन्हा देणार नाही.

काय म्हणालात? तुमच्याजवळ माइक नाही, मीच सांगते सगळ्यांना. पुंजारामभाऊ विचारतायत, "म्हंजी पोरीला परत उलट्या व्हतील का?"

होतील. पट्टा बांधूनही होतील. उलटीचं औषध देऊ, लिंबू देऊ, पाय चोळू, तरी एखाद्या दिवशी होतीलच. आशाबाई, तुम्ही हौसेनं वेणी घातलीत ना आज तिची? हे केसही कदाचित पुन्हा जातील. हे सगळं मी तुम्हाला भरल्या सभेत सांगतेय आणि वर म्हणतेय, तिला घेऊन या. मला माहीत आहे मी काय मागतेय. आजपासून मी नोकरीत नाही, पण उलटीचं भांडं धरायला नोकरी लागत नाही. गोदीचं औषध असेल त्या दिवशी मी तिच्या खाटेशी असेन. आणि यायला जमलं नाही, फोन बंद पडला, तर मी तुमच्या दारात उभी राहीन.

...गोदी उभी राहिली. बरं. आणि पुंजारामभाऊसुद्धा.

आता आटोपतं घेते. मंडळाचे, साहेबांचे, माझ्या वॉर्डातल्या प्रत्येकीचे आणि मला आपली लेकरं सोपवणाऱ्या सगळ्या आईबापांचे आभार. ज्या इतर पालकांनी पट्ट्यावर भरवसा ठेवून औषध सोडलं असेल, किंवा सोडायचं मनात असेल, त्यांनी लाजू नये. जेवणाआधी मला गाठावं. बोलताना अधिकउणं झालं असेल, समारंभाचा रंग उतरवला असेल, तर सभागृहानं पोटात घालावं. तुमच्याकडं तेवढं मागायचा मला हक्क आहे. पुंजारामभाऊ, तुमच्याकडं मात्र आज माफी मागत नाही. गोदीचं औषध पुरं होईल त्या दिवशी मागेन. द्यायची की नाही, ते तेव्हा ठरवा.

जेवण तयार आहे, सगळ्यांनी जेवून जावं. गोदे, चप्पल घाल, बाळा. मी खाली येतेय.