सर्वाधिक वाचलेली बातमी

प्राजक्ताचं कौतुक चाललंय ना, मग माझी जळजळही ऐका. आमच्या पत्रकारितेच्या वर्गाने सगळ्यांच्या बातम्यांचं एक डिजिटल आर्काइव्ह केलं होतं. ज्याचं त्याचं लॉगिन. जुने अंक स्कॅन करून मान मोडली माझी, आणि पहिल्या पानावर ‘सर्वाधिक वाचलेली’ म्हणून झळकली कोणाची बातमी? प्राजक्ताची! चांदवडच्या कांदा लिलावावरची.

एवढं काय आहे त्यात, म्हणून मी ती उघडली. एकही चूक सापडेना, म्हणून दुसऱ्या दिवशी परत उघडली. मग रोजच. पण बाई काही वरून हलेना.

शेवटी मी भर वर्गात सरांना म्हणालो, “सर, हिने मैत्रिणींना क्लिक करायला बसवलंय. तपासाच तुम्ही.”

सरांनी सगळ्यांसमोर लॉगिनची नोंद उघडली आणि माझ्या नावावर बोट ठेवलं. “अरे, निम्म्याहून जास्त वेळा तर ही तूच वाचलीयेस.”

प्राजक्ता मागे वळून म्हणाली, “अय्या, थँक यू हं!”

मी चिडून विचारलं, “आणि माझी बातमी, सर? ती किती जणांनी वाचली?”

“ती होय? ती तर अजून तूसुद्धा उघडली नाहीस.”